लोकल कुणासाठी सुरू होती?

करोना आल्यावर, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७चा. मुंबईतल्या प्लेगला घाबरून इंग्रज सरकारने तो घाईघाईत केला होता. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करायचा अधिकार त्याच्या कलमातच आहे. प्लेगच्या गाठी तपासायला परपुरुषाने बाईच्या अंगाला हात लावायचा, यावरून तेव्हा बराच गदारोळ उठला होता.

२०२०मध्ये तपासणीचा प्रश्नच उरला नाही, कारण २३ मार्चपासून लोकलच थांबली. १५ जूनला ती पुन्हा धावू लागली ती फक्त ‘अत्यावश्यक सेवे’तल्या कर्मचाऱ्यांसाठी. त्या यादीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला जागा नव्हती. तिच्याकडे ओळखपत्र नाही, नेमणुकीचं पत्र नाही. नालासोपाऱ्याहून बोरिवली-अंधेरीला कामाला जायचं तर बसच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं, नाहीतर शेअर रिक्षा बदलत जायचं. चार घरचा पगार त्यातच जिरायचा. शिवाय सोसायटीच्या गेटवर वॉचमन अडवणार तो वेगळाच.

नवरात्रात, २१ ऑक्टोबरला, सरसकट सगळ्या महिलांना लोकल खुली झाली. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. ही वेळ ठरवणाऱ्याच्या घरी भांडी किती वाजता घासली जातात, हे एकदा विचारायला हवं होतं! पहिलं काम सकाळी सातचं असतं. अकराला निघालेल्या बाईची निम्मी घरं हातची गेलेली असतात. त्यात पुढे मुलांना बरोबर आणायचं नाही, असंही रेल्वेने बजावलं. पाळणाघरं बंद, शाळा बंद; मूल ठेवायचं कुठे?

१ फेब्रुवारी २०२१ला वेळा पाळून सगळ्यांनाच मुभा मिळाली, पण एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दारं बंद. घरेलू कामगारांना राज्य सरकारने १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणी झालेल्यांनाच. नोंदणी नसलेल्या बायकांचं काय, याला उत्तर नव्हतं.

१५ ऑगस्टपासून लोकल पुन्हा खुली झाली, पण लशीचे दोन डोस आणि वर १४ दिवस, अशी अट आली. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. जूनच्या अखेरीस पहिली लस मिळालेल्या तिशीतल्या बाईला पास काढायला ऑक्टोबर उजाडणार होता.