गरिबी घटली आणि विषमता वाढली, दोन्ही एकाच वेळी कसं?

सोशल मीडियावर हे भांडण ठरलेलं आहे. एक पार्टी म्हणते ग्लोबलायझेशनने गरिबी हटवली, दुसरी म्हणते विषमता वाढवली, आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडायला आकडे फेकत बसतात. गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात, कारण मोजतायत त्या गोष्टीच वेगळ्या.

गरिबी मोजायला एक रेषा आखायची आणि तिच्याखाली किती लोक आहेत ते बघायचं, बास. जागतिक बँकेची दिवसाला २.१५ डॉलरची रेषा धरली (२०२५ मध्ये ती ३ डॉलर केली) तर १९९० मध्ये जगातले साधारण ३८ टक्के लोक तिच्याखाली होते, २०१९ मध्ये साधारण ९ टक्के. या घटीत मोठा वाटा एकट्या चीनचा.

विषमतेचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सुचवलेलं माप आजही सगळे वापरतात, त्याच्याच नावावरून त्याला 'जिनी' म्हणतात. कुठलेही दोघं उचला, त्यांच्या उत्पन्नातला फरक काढा, सगळ्या जोड्यांसाठी हेच करून सरासरी काढा आणि तिला सरासरी उत्पन्नाच्या दुपटीने भागा. उत्तर ० आलं तर सगळे सारखे, १ च्या जवळ गेलं तर सगळं एकाच्याच खिशात.

करूनच बघू. पाच माणसं, उत्पन्न १, २, ३, ४ आणि १०, गरिबीची रेषा ३. दोघं गरीब. वेगवेगळ्या जोड्या दहा, फरकांची बेरीज ४०, प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी धरायची म्हणून ८०, त्याला २५ ने भागलं (स्वतःशी स्वतःची जोडीही धरायची, तिथे फरक शून्य) की ३.२, आणि सरासरी उत्पन्न ४ म्हणून परत ८ ने भागलं की जिनी ०.४०. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट केलंत तरी ०.४० च राहतो, हे आवर्जून करून बघा.

आता व्यापार खुला झाला आणि उत्पन्नं झाली ३, ४, ५, ६ आणि ३२. रेषेखाली कोणीच नाही, गरिबी शून्य! पण जिनी ०.४८. झालं, दोन्ही पार्ट्या खूश.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ३२ वाल्याकडून १० टॅक्स घ्या आणि पाचही जणांना, त्या श्रीमंतालासुद्धा, सारखे २-२ वाटा. उत्पन्नं झाली ५, ६, ७, ८, २४. जिनी थेट ०.३२, म्हणजे व्यापाराच्या आधीपेक्षाही कमी. गरीब कोण ते हुडकत बसायची गरज पडली नाही, सरसकट वाटूनही फरक पडला, कारण गोळा करताना ज्याच्याकडे होतं त्याच्याकडूनच घेतलं. अर्थात टॅक्समुळे कोणी काम कमी केलं किंवा पैसा बाहेर नेला तर काय, हे या गणितात नाही.

खऱ्या जगातही हे दिसतं. टॅक्स आणि सरकारी मदतीच्या आधी फ्रान्स आणि अमेरिका दोघांचाही जिनी ०.५ च्या आसपास येतो, नंतर मात्र फ्रान्स ०.३ च्या जवळ उतरतो आणि अमेरिका ०.४ च्या आसपासच राहते. जागतिक बाजार दोघांना तोच आहे. (फ्रान्सचा आधीचा आकडा थोडा फुगलेला असतो, कारण सरकारी पेन्शनवर जगणाऱ्यांचं बाजारातलं उत्पन्न जवळपास शून्य धरलं जातं.) त्यामुळे "ग्लोबलायझेशन म्हटलं की विषमता आलीच, इलाज नाही" हे मला पत्रिकेतल्या शनीला दोष देण्यासारखं वाटतं. "वरच्यांना कमवू द्या, खाली आपोआप झिरपेल" हाही त्याच जातीचा उपाय.

पण मदत योजनांनाच सगळं श्रेय देऊ नका. ब्राझीलने २००३ मध्ये बोल्सा फामिलिया सुरू केली, मुलं शाळेत जात असतील, लसीकरण होत असेल तर गरीब कुटुंबाला थेट रोख रक्कम. खर्च जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथली विषमता खरंच घटली. पण त्या घटीतला जास्त वाटा होता खालच्या थरातल्या वाढलेल्या मजुरीचा.