टेपवरून परत आलेले ईमेल

२७ फेब्रुवारी २०११, रविवार. अमेरिकेत काही लोकांनी जीमेल उघडलं, तर आत काहीच नव्हतं. वर्षानुवर्षांची पत्रं गायब, आणि नव्या खातेदाराला येतं ते स्वागताचं पत्र मात्र हजर. आपल्याकडे तोवर २८ तारीख, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन उजाडला होता. यात हॅकरचा हात नव्हता. गूगलने साठवणुकीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायला घेतली होती आणि तिच्यात बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, निघाला. लक्षात येताच काम थांबवून जुनी आवृत्ती परत बसवली गेली. गूगलच्या हिशेबाने ०.०२ टक्के खातेदारांना फटका बसला. म्हणजे पाच हजारांत एक. ऐकायला किरकोळ, पण जीमेलच्या पसाऱ्यात हा आकडा हजारोंच्या घरात जातो.

जुनी आवृत्ती परत आली, पत्रं आली नाहीत. अपग्रेड फसलं की 'मागे घेऊ, त्यात काय' असं म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हेच येत नाही. मागे जातो तो प्रोग्राम. त्याने डेटावर जे करून ठेवलं, ते तसंच राहतं.

मग गूगलकडे एकेका पत्राच्या अनेक प्रती, त्याही वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये (सर्व्हर ठेवलेल्या इमारतींमध्ये), असतात त्यांचं काय झालं? कंपनीचे उपाध्यक्ष बेन ट्रेनॉर यांनी हा प्रश्न स्वतःच काढून उत्तर दिलं: क्वचित एखादा बग अनेक प्रतींना एकदमच गाठतो. यात नवल नाही. डिस्क जळाली, वीज गेली, इमारतीत पाणी शिरलं, तर दुसऱ्या गावची प्रत उपयोगी पडते. पण 'पुसा' हा हुकूम सॉफ्टवेअरनेच दिला, तर तो सगळ्या प्रतींवर इमानेइतबारे पाळला जातो. प्रती जितक्या चोख जुळलेल्या, तितकी चूकही चोख पसरते.

डेटाबेस बिघडतो कसा आणि सावरतो कसा, हे कचेऱ्यांमधून वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरमध्ये जवळून पाहता येतं. त्याच्या २०१० च्या आवृत्तीपासून डेटाबेसची फाइल ३२ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते. प्रत्येक पानावर चेकसम, म्हणजे त्या पानातल्या मजकुरावरून काढलेला आकडा असतो. वाचताना तो पुन्हा काढतात. जुळला नाही तर पान खराब. ही 'उणे १०१८' नावाची चूक एक्स्चेंज सांभाळणाऱ्यांना चांगलीच ठाऊक असते, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ डिस्कमध्ये किंवा ती चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये निघतं. बगपुढे मात्र चेकसम आंधळा. प्रोग्रामने चुकीचाच मजकूर लिहिला, तर त्या चुकीच्या मजकुराचा चेकसम अगदी बरोबर येतो.

खरी भिस्त असते ती लॉगवर. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खातेवहीत चढवतो, तसाच प्रत्येक बदल आधी एकेक मेगाबाइटच्या लॉग फाइलींत उतरतो आणि नंतर सवडीने मुख्य फाइलीत जातो. अपग्रेड चालू असताना सर्व्हर मध्येच बंद पडला, तर लॉगमध्ये असलेलं सगळं मुख्य फाइलीत पोचलेलं नसतं. फाइलीच्या शीर्षात 'डर्टी शटडाउन', म्हणजे नीट बंद न झालेली, अशी नोंद राहते आणि डेटाबेस जोडून घ्यायला सर्व्हर नकार देतो. हे पाहून माणूस घाबरतो, पण त्या वेळी फाइल मेलेली नसते, अर्धवट असते. लॉग पुन्हा क्रमाने चालवले की ती सुस्थितीत येते.

घात होतो तो इथे. एक्स्चेंजसोबत येणाऱ्या ईएसईयूटिल या डेटाबेस-दुरुस्तीच्या हत्यारात 'रिकव्हरी' आणि 'रिपेअर' असे दोन पर्याय आहेत. नावं सख्ख्या भावांसारखी, वागणं अगदी उलट. रिकव्हरी लॉग चालवते. रिपेअर लॉगकडे ढुंकूनही बघत नाही. जी पानं वाचता येत नाहीत ती सरळ टाकून देते आणि उरलेलं जुळवते. घाईत आधी रिपेअर चालवलं, तर वाचू शकली असती ती पत्रंही जातात. म्हणून जाणता माणूस बिघडलेली फाइल आणि सगळे लॉग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, मगच पुढचं.

लॉगलाही मर्यादा आहे. चुकून पुसलेल्याची नोंदही तो तितक्याच प्रामाणिकपणे ठेवतो, आणि शेवटपर्यंत चालवला तर पुन्हा पुसून दाखवतो. म्हणून एक्स्चेंजमध्ये एखादी प्रत मुद्दाम मागे रेंगाळत ठेवता येते, जास्तीत जास्त १४ दिवस. लॉग येऊन पडलेले असतात, पण चालवायचे नाहीत. गोंधळ झालाच, तर त्याच्या अलीकडे थांबता येतं.

गूगलच्या मदतीला आली ती मात्र चुंबकीय टेप. लोक तिला कधीच मोडीत काढून बसले होते. टेप यंत्रात नसेल तर कुठलाही बग तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. हा अलिप्तपणा हीच तिची ढाल, आणि मंदपणा ही त्याची किंमत. त्या काळी नवी असलेली एलटीओ-५ या प्रकारच्या टेपची कॅसेट घ्या: अर्धा इंच रुंद, ८४६ मीटर लांब, पोटात दीड टेराबाइट. हवी ती जागा गाठायला फीत गुंडाळत जावं लागतं. ट्रेनॉर यांचा खुलासा आला तेव्हा तीस तास उलटले होते आणि काम चालूच होतं. दुसऱ्या डेटा सेंटरकडे वळायला मिलिसेकंद पुरले असते. बाधित खात्यांवर मधल्या वेळात आलेली बरीच पत्रं पोचलीच नाहीत. ती 'पोचलं नाही' अशा सूचनेसह पाठवणाऱ्याकडे परतली.

फोनमध्ये सगळे ईमेल दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आयमॅपवर, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच ठेवून दाखवण्याच्या पद्धतीवर, चालणारं अॅप सर्व्हरशी जुळवून घेतं. तिकडे पत्र पुसलं गेलं की इकडूनही जातं. 'गूगल टेकआउट' या गूगलच्याच सोयीतून सगळ्या पत्रांची एक एमबॉक्स प्रकारची फाइल उतरवून घेता येते. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची, आणि ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवायची नाही.