रोचेस्टरचा चौथा बुरूज

लंडनहून डोव्हरला जाणाऱ्या रस्त्यावर, मेडवे नदीच्या काठी रोचेस्टरचा किल्ला आहे. त्याच्या बालेकिल्ल्याचे तीन बुरूज चौकोनी आहेत, आग्नेयेचा चौथा मात्र गोल. ही १२१५ सालच्या वेढ्याची खूण.

त्या जूनमध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, मोहोर उठवली आणि काही महिन्यांतच सरदारांशी त्याचं पुन्हा फाटलं. बंडखोरांनी रोचेस्टर बळकावलं. ऑक्टोबरात राजाने स्वतः येऊन वेढा घातला. बालेकिल्ला ११३ फूट उंच, भिंती पायथ्याशी १२ फुटांच्या आसपास जाड. विहीर मधल्या भिंतीतच असल्यामुळे प्रत्येक मजल्यावर पाणी शेंदता येई. दगड फेकणाऱ्या यंत्रांना तो दाद देईना, तेव्हा राजाने सुरुंग खणायला घेतला.

सुरुंग म्हटलं की आपल्याला १६६० चा चाकणचा वेढा आणि दारूने उडालेला बुरूज आठवतो. इथे दारू नव्हतीच. बुरुजाच्या पायाखाली भुयार खणायचं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि शेवटी ते टेकूच पेटवून द्यायचे, अशी ही रीत. २५ नोव्हेंबरला जॉनने ह्यूबर्ट डी बर्ग या आपल्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र धाडलं: खायला फारशी चांगली नसलेली, पण लठ्ठातली लठ्ठ ४० डुकरं तातडीने पाठवा. त्यांच्या चरबीने आग धरली, टेकू जळाले आणि आख्खा कोपरा खाली आला.

तरीही किल्ला पडला नाही! मला या वेढ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. शिबंदी मधल्या आडव्या भिंतीपलीकडे सरकली आणि घोड्यांचं मांस खाऊन लढत राहिली. ३० नोव्हेंबरला त्यांनी हत्यारं ठेवली ती उपासमारीमुळे. राजा सगळ्यांनाच फासावर चढवायला निघाला होता. उद्या आपली माणसं शत्रूच्या हाती लागली तर तोही हेच करील, असं त्याच्याच एका सरदाराने बजावलं, म्हणून बहुतेकांचे जीव वाचले.

पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात पडलेला कोपरा गोल बांधला गेला. चौकोनी बुरुजाचा कोन पहारीने उकरायला सोपा, शिवाय त्याच्या आडोशाला शत्रू लपतो. गोल बुरुजात हे दोन्ही दोष कमी.

१२१६ मध्ये फ्रेंच राजपुत्र लुईने डोव्हरच्या किल्ल्याच्या उत्तर दरवाजाखाली सुरुंग खणून एक बुरूज पाडला. तिथला किल्लेदार होता तोच ह्यूबर्ट. त्याने खिंडार ओंडक्यांनी बुजवलं आणि किल्ला राखला. नंतर तो दरवाजा कायमचा बंद करून पश्चिमेला नवा बांधण्यात आला.