चौकोन दिसले तर फॉन्ट, भलतंच दिसलं तर चारसेट

माझी बेळगावातल्या शहापूरची भाची सध्या एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे वेबपानाचा मजकूर आणि त्याचं रूप लिहायच्या भाषा, शिकतेय. सरावाला म्हणून तिनं कुंद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईच्या, दुकानाचं एक पान केलं. वर मराठी, खाली कन्नड, मध्ये दर. लॅपटॉपवर झकास दिसलं. सर्व्हरवर चढवलं आणि ‘कुंदा’ गायब; त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग कसलं तरी चिन्ह, पुन्हा तोच ए.

‘‘मामा, तीन फॉन्ट बदलून बघितले की, तरी तसंच.’’

म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आपण पाटी रंगवायला देतो तेव्हा पेंटरच्या हातात चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीतलं अक्षर कोणतं, हे ओळखणं एक काम. ते कुंचल्यानं काढणं दुसरं. पहिलं चारसेटचं, म्हणजे फाइलमधले आकडे कोणत्या यादीप्रमाणे अक्षरं म्हणून वाचायचे त्याचं. ते एचटीएमएलमध्ये, हेडच्या (पानाच्या न दिसणाऱ्या वरच्या भागाच्या) आत मेटा टॅगवर सांगायचं: यूटीएफ-८, म्हणजे मराठी-कन्नडसकट सगळ्या लिप्या सांभाळणारी पद्धत. दुसरं फॉन्टचं, ते सीएसएसमधल्या फॉन्ट-फॅमिलीत. चिठ्ठीच चुकीची वाचली तर पेंटर कितीही चांगला असो, पाटी चुकणारच.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. ‘कुंदा’त क, उकार, अनुस्वार, द आणि काना अशा ५ खुणा, म्हणजे १५ बाइट. चारसेट सांगितलेला नसला की ब्राउझर बहुतेक वेळा विंडोज-१२५२ (इंग्रजीसारख्या रोमन लिपीच्या भाषांसाठीचा जुना चारसेट, एका बाइटला एक चिन्ह) धरून चालतो आणि त्या १५ बाइटांची १५ सुटी चिन्हं वाचतो. गंमत म्हणजे कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘कुंदा’चेही १५ बाइट होतात आणि तिथंही दर तिसऱ्या जागी तोच रेघवाला ए येतो. पाटीवरच्या भाषेवरून भांडणाऱ्या आमच्या भागात दोन्ही भाषांची इतकी समान दुर्दशा दुसरीकडे कुठे होत नसेल!

मग लॅपटॉपवर बरं कसं दिसलं? फोल्डरमधून फाइल उघडली तर क्रोम आणि फायरफॉक्स यूटीएफ-८ स्वतःहून ओळखतात. सर्व्हरवरून आलेल्या पानाला ही सवलत नाही. भाचीनं मेटा टॅग लिहिलाच नव्हता. (तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा, असा नियम आहे. आणि सर्व्हरनं स्वतः वेगळा चारसेट सांगितला तर मेटापेक्षा सर्व्हरचं चालतं.)

अक्षरं बिघडली की फॉन्टच बदलायचा, हा घोळ व्हायला आपले डीटीपीवालेही थोडे कारणीभूत आहेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा कन्नडच्या जुन्या नुडीत आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असायचे. फक्त फॉन्ट ती मराठी किंवा कन्नड वळणाची काढायचा. तिथं फॉन्ट बदलला की मजकूरच बदलायचा. पत्रिका छापायला ते चालून गेलं. तोच मजकूर वेबपानात चिकटवला तर चारसेट बरोबर असूनही भलतंच दिसतं. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या यादीत, बदलून घ्यावा लागतो.

फॉन्टचं दुखणं वेगळं दिसतं: अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. अक्षर कोणतं ते ब्राउझरला कळलंय, काढायला आकृती नाही. या चौकोनांना टोफू म्हणतात. ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच आलंय.

आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर? मग फाइल बहुधा जतन करतानाच एएनएसआयमध्ये, म्हणजे देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या चारसेटमध्ये, गेलेली असते. अक्षरं फाइलमध्येच उरलेली नसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मजकूर पुन्हा टाइप करायचा.

भाचीनं मेटा टॅग घातला, मराठी जागेवर आली. कन्नड ओळही आली, पण बारीक, परक्या वळणाची. ही तक्रार मात्र खरोखर फॉन्टची होती: तिनं लावलेल्या ‘मुक्ता’त कन्नड अक्षरंच नाहीत, म्हणून ब्राउझरनं यंत्रातला कुठला तरी फॉन्ट उचलला. फॉन्ट-फॅमिलीत ‘मुक्ता’नंतर स्वल्पविराम देऊन ‘नोटो सॅन्स कन्नडा’ लिहिला, तो लिंकनं जोडला. ब्राउझर यादीत अक्षरागणिक शोधत जातो, त्यामुळे मराठीला धक्का लागला नाही.