काळ्या यादीची मुदत: पार्श्वभूमी

पहिल्या पावसात रस्ता उखडला की ठेकेदाराला काळ्या यादीत टाका, ही मुंबईतली ठरलेली मागणी. २०१६ मध्ये ती मान्यही झाली. ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी झाली, सहा ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले आणि त्यांची नावे यादीत गेली. पण ही कारवाई महापालिकेच्या स्वतःच्या चौकशीवरची होती. खटला चालून कुणी दोषी ठरल्यावर झालेली नव्हती, आणि खरा गुंता तिथेच आहे.

जुना भाग थोडक्यात. सिंकोनाच्या (ज्याच्या सालीपासून क्विनाइन हे औषध बनते) सरकारी विक्रीतून वगळलेल्या एका कंपनीच्या प्रकरणात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही यादीत टाकता येणार नाही. २०१४ मध्ये त्यात भर पडली: कारणे दाखवा नोटिशीतच या शिक्षेचा इरादा कळला पाहिजे. तेव्हापासून ढोबळ नोटीस हा ठेकेदाराच्या वकिलाचा हुकमी मुद्दा झाला.

सर्वांत वादाचा निकाल मात्र २०१३ चा. दूरसंचार क्षेत्रातल्या एका सरकारी कंपनीने पुरवठादारावर कायमची बंदी घातली होती. बिलांपोटी कोट्यवधी रुपये जादा उचलल्याचा आणि त्यात आतल्या माणसाची साथ असल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने यादीत टाकण्याचा अधिकार मान्य केला, पण कायमची बंदी मान्य केली नाही. शिक्षा गैरकृत्याच्या प्रमाणात हवी, म्हणून मुदत ठरवायला प्रकरण परत पाठवले. परदेशातल्या खरेदी नियमांचा दाखलाही दिला. तत्त्व म्हणून यात चूक काढणे कठीण. पण जनतेच्या पैशावर डल्ला मारल्याचा आरोप असलेल्याला काही वर्षांनी पुन्हा निविदा भरता येते, हे करदात्याच्या गळी उतरत नाही, आणि ती नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही.

२०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांत मुदती लेखी आल्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे बंदी. इतर कायद्यांखालच्या दोषसिद्धीला मात्र अट आहे: सरकारी कंत्राटाचे काम करताना जीवित किंवा मालमत्तेची हानी झालेली असावी, नाहीतर सार्वजनिक आरोग्याला धोका. म्हणजे खासगी बँकेला गंडवून शिक्षा झालेला माणूस या कलमात आपोआप बसत नाही! सचोटीची संहिता, म्हणजे निविदेत लाच, संगनमत, फसवणूक न करण्याचे नियम, मोडल्यास खाते स्वतः दोन वर्षांपर्यंत बंदी घालू शकते, त्याला दोषसिद्धी लागत नाही. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, त्यामुळे व्यवहारात बहुतेक भिस्त या दुसऱ्या वाटेवरच असते. हे नियम केंद्राच्या खरेदीपुरते आहेत. पालिकेचा कारभार तिच्या स्वतःच्या अटींवर चालतो.

नाव बदलून येणाऱ्यांचा बंदोबस्त केंद्राच्या २०२१ च्या सूचनांत झाला. बंदी घातलेल्या कंपनीशी संलग्न कंपन्याही बंदीच्या कक्षेत आल्या. मात्र एका मंत्रालयाची बंदी त्या मंत्रालयापुरतीच. सर्वत्र लागू व्हायची तर केंद्रीय अर्थ खात्याचा आदेश लागतो. आणि बंदीच्या आदेशाआधी झालेल्या कंत्राटांना तिचा धक्का लागत नाही. हातातले काम सुरू राहते आणि त्याची बिलेही निघतात.