प्रसूतिकक्षातील संवाद आणि परिचर्या शिक्षण

कळा सुरू झालेली स्त्री रुग्णालयात आल्यापासून बाळ घेऊन घरी जाईपर्यंत परिचारिका किंवा प्रसविका (मिडवाइफ) तिच्याशी आणि तिच्या माणसांशी जे बोलते, तिचे जे ऐकून घेते, तिला ज्या रीतीने हात लावते, त्या सगळ्याला मिळून प्रसूतिकक्षातील संवाद म्हणता येईल. भारतात एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका), जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसविका) आणि बी.एस्सी. नर्सिंग या अभ्यासक्रमांत मानसिक आरोग्य, मानसशास्त्र आणि संवादकौशल्ये शिकवली जातात. त्यांचा खरा कस लेबर रूममध्ये लागतो. गोड बोलणे हा ज्याचा त्याचा स्वभाव, तो शिकवून येत नाही, असा समज अनेक वॉर्डांत अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत बाळंतिणींना मोजावी लागते.

बोलण्याचा परिणाम थेट शरीरावर होतो. भीतीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, स्नायू आवळतात, वेदना अधिक जाणवते आणि कळा मंदावू शकतात. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी भीती, ताण आणि वेदना यांचे हे चक्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. पुढे ग्वाटेमालातील एका रुग्णालयात काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली स्त्री सतत बसवण्यात आली. हात धरणे, पाठ चोळणे, बोलत राहणे एवढेच तिचे काम होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गुंतागुंत न झालेल्या ज्या स्त्रियांना अशी सोबत मिळाली, त्यांचे बाळंतपण सोबत नसलेल्यांच्या निम्म्याहून कमी वेळात उरकले. शिवाय त्या आपल्या बाळाशी अधिक बोलल्या, अधिक हसल्या. तो अभ्यास लहान होता; पण अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि सततच्या सोबतीने नैसर्गिक प्रसूती वाढतात, सिझेरियन कमी होतात, हेच त्यातूनही दिसले.

गावातली सुईण कळांच्या वेळी जवळ बसून असे. आता महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). रक्तस्राव किंवा झटके आल्यावर जीव वाचतो तो तिथेच, म्हणून हा बदल मोलाचा आहे. पण त्यात सोबत मात्र सुटली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला, आणि पुरेसा आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही, जवळ राहू देण्याची मुभा दिली. प्रसूतिकक्षांची गुणवत्ता सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानपूर्वक मातृसेवेला गुणवत्तेच्या निकषांत स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सन्मान, स्पष्ट संवाद आणि सोबत या तिन्ही गोष्टी आहेत.

अभ्यासक्रमाची मांडणी मात्र या कामाला पुरेशी साथ देत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात उपयोजित मानसशास्त्र पहिल्या सत्रात येते, तर प्रसविका परिचर्या सहाव्या आणि सातव्या सत्रांत. जीएनएममध्येही मानसशास्त्र पहिल्या वर्षी आणि मिडवायफरी शेवटच्या. स्मृती, प्रेरणा, भावना यांच्या व्याख्या पाठ करून परीक्षा दिलेली मुलगी कळा देणाऱ्या बाईसमोर उभी राहते, तोवर ते सगळे मागे पडलेले असते. मग ती समोरच्या सिनियरचे पाहून शिकते. सिनियर समजावून सांगणारी असेल तर तसे, ओरडणारी असेल तर तसे.

या विषयाला सैद्धांतिक पाया दिला तो अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी. १९५२ मध्ये त्यांनी परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन मानले. ओळख होणे, विश्वास बसणे, मिळणाऱ्या मदतीचा रुग्णाने पुरेपूर उपयोग करून घेणे आणि शेवटी निरोप, असे टप्पे त्यांनी सांगितले. मनोरुग्णालयात याला आठवडे मिळतात. प्रसूतिकक्षात हे सारे काही तासांत उरकावे लागते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांना फार महत्त्व येते. परिचारिकेने आपले नाव सांगावे, स्त्रीला ‘ए बाई’ किंवा खाट क्रमांकाने न बोलावता नावाने, ‘ताई’ म्हणून हाक मारावी आणि तिचे पहिले वाक्य मध्येच तोडू नये.

आतून तपासणी करण्यापूर्वी सांगणे, पडदा ओढणे, कळ ओसरू देणे, संमती घेणे आणि नंतर काय आढळले ते तिलाच सांगणे हा क्रम हातमोजे घालण्याइतकाच सक्तीचा असायला हवा. “पिशवीचं तोंड निम्मं उघडलंय, बाळाचे ठोके चांगले आहेत,” हे तिला समजते. “पाच सेंटिमीटर, एफएचएस नॉर्मल” हे समजत नाही. “ओरडू नका” म्हणण्यापेक्षा “कळ आली की तोंडाने हळू श्वास सोडा, मी इथेच आहे” हे सांगितल्याने तिला करायला काहीतरी मिळते. मांडीवर चापट मारणे, नवऱ्यासोबतच्या संबंधांवरून टोमणे देणे या गोष्टींना कामाच्या ताणाचे कारण दिले जाते. रात्रपाळीत एकट्या सिस्टरवर अनेक बाळंतिणींचा भार असतो, हे खरे आहे आणि ते बदलण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण मार आणि अपमान हा छळच आहे.

पूर्वीचे गर्भपात, नवऱ्याची मारहाण, गर्भनिरोधक यांविषयीचे प्रश्न सासूसमोर विचारले तर खरे उत्तर येत नाही. सासूला केसपेपर काढायला पाठवून ते एकांतात विचारावेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या स्त्रीसाठी आशाताई दुभाषी होऊ शकते. नणंदेला दुभाषी करणे टाळावे. गुप्ततेलाही मर्यादा आहे. गर्भवती मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते, म्हणून “कुणालाच सांगणार नाही” असे वचन देऊ नये.

एका बाबतीत कायदाच संवादावर बंधन घालतो. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई केली. जन्मानंतर मात्र स्वराची जबाबदारी परिचारिकेवरच येते. “मुलगीच झाली” यातला ‘च’ बाहेर थांबलेले नातेवाईक लगेच टिपतात.

मृत बाळ जन्मणे हा सर्वांत अवघड प्रसंग, आणि विद्यार्थिनींना त्याची तयारी सर्वांत कमी दिली जाते. बातमी स्पष्ट शब्दांत द्यावी: “बाळाच्या हृदयाचे ठोके थांबले आहेत. बाळ गेलं.” आडवळणाने सांगितले तर आई आशा धरून बसते. बाळाला पाहायचे, हातात घ्यायचे आहे का, हे विचारावे. तिच्या वतीने सासरच्यांनी ठरवू नये. “दुसरं होईल” हे वाक्य चांगल्या मनाने म्हटले जाते, पण या बाळाचे दुःख ते पुसून टाकते. दोन-तीन दिवसांत दूध येईल, छाती दुखेल, हे आधी सांगायला हवे. जिवंत बाळांच्या गलक्यापासून दूर खाट देणे ही त्या दिवसाची मोठी मदत ठरते.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात येणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून लांबलेली उदासी, झोप न लागणे, बाळाविषयी ओढ न वाटणे याकडे ‘नाटक’ म्हणून पाहिले जाते तेव्हा आजार निसटतो. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबर्ग प्रश्नावली दहा प्रश्नांत मागील सात दिवसांचा अंदाज घेते. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो विचारल्याने असा विचार मनात येत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या स्त्रीला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

हे सर्व शिकवण्याचे एक जुने आणि उत्तम साधन मनोरुग्ण परिचर्येत आहे. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये विद्यार्थिनी रुग्णाशी झालेले बोलणे शब्दशः लिहिते, शेजारी आपल्या मनात काय चालले होते ते मांडते, आणि शिक्षिका त्यावर चर्चा करते. लेबर रूममधील एकेका प्रसंगाची अशी नोंद मिडवायफरीच्या जर्नलमध्येही सक्तीची व्हावी. किती प्रसूती पाहिल्या आणि किती केल्या याचा हिशोब तिथे ठेवला जातोच. त्या स्त्रियांशी काय बोलणे झाले, त्यासाठीही एक पान हवे.