‘क्वेक’चे मूळ रूप कोणते? रिमास्टरची पार्श्वभूमी

‘क्वेक’ या फर्स्ट-पर्सन शूटर (पात्राच्या नजरेतून खेळायच्या गोळीबाराच्या) गेमची रिमास्टर केलेली, म्हणजे नव्या तंत्राने उजळलेली आवृत्ती १९ ऑगस्ट २०२१ रोजी आली, तेव्हा मूळ गेमला पंचवीस वर्षे झाली होती. नाइटडाइव्ह स्टुडिओजने तो आपल्या केक्स इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, बसवला आणि फोर-के रिझोल्यूशन, रंगीत व बदलता प्रकाश, नव्याने घडवलेली राक्षसांची मॉडेल्स अशी भर घातली. शिवाय मशीनगेम्स या स्टुडिओने रचलेला एक नवा भागही सोबत दिला. या सगळ्यात मूळ गेम किती उरला, हे ठरवायचे तर आधी मूळ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि क्वेकला मुळातच दोन रूपे आहेत.

पहिले रूप जून १९९६ मधले. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरमध्ये जॉन कारमॅक आणि मायकेल अॅब्रॅश या प्रोग्रामरांनी संपूर्ण त्रिमितीय जग ग्राफिक्स कार्डाच्या मदतीशिवाय, निव्वळ पेंटियम प्रोसेसरच्या बळावर रंगवून दाखवले. पडद्यावर बहुधा ३२० बाय २०० पिक्सेल आणि अवघे २५६ रंग असत. भिंतींवरचा उजेड आणि सावल्या आधीच मोजून नकाशातच साठवलेल्या असत. रंगांच्या तक्त्यातील शेवटच्या ३२ रंगांवर मात्र सावलीचा परिणाम होत नसे, त्यामुळे गडद अंधारातही एखादे बटण किंवा दिवा तेवढा लुकलुकताना दिसे. क्वेकच्या अंधाराला जी धार होती ती मला या बारीकशा युक्तीत दिसते.

दुसरे रूप १९९७ च्या सुरुवातीचे. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू या त्रिमितीय ग्राफिक्स कार्डांसाठी क्वेकची ‘जीएलक्वेक’ ही आवृत्ती आली, तेव्हा चित्र मुलायम आणि वेगवान झाले, पण त्या कार्डांवर चालवण्यासाठी केलेल्या तडजोडींत सावलीला न जुमानणारे ते रंग गेले, प्रखर उजेडाचे वरचे टोक छाटले गेले आणि दगडांचा खरबरीतपणा पुसट झाला. तरीही असंख्य खेळाडूंनी क्वेक प्रथम पाहिला तो याच रूपात, आणि त्यांच्या लेखी तेच मूळ ठरले. डिसेंबर १९९९ मध्ये सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) सर्वांसाठी खुला झाल्यावर ‘फिट्झक्वेक’सारखी इंजिने लिहिणाऱ्या हौशी प्रोग्रामरांनी हरवलेला उजेड चिकाटीने परत आणला, हे काम रिमास्टरच्या कितीतरी आधीचे आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

रिमास्टरमधला सर्वांत मोठा बदल प्रकाशाचा मानला जातो. मला मात्र हालचालींतला बदल अधिक खोल वाटतो. मूळ गेममध्ये राक्षसांच्या हालचाली सेकंदाला दहा चौकटींनी (फ्रेम्सनी) चालत आणि मॉडेलचा प्रत्येक बिंदू अत्यंत ढोबळ मोजमापात साठवलेला असल्यामुळे ऑगर हा राक्षस जागच्या जागी उभा असतानाही त्याचे अंग सूक्ष्म थरथरत राही. ती थरथर तांत्रिक मर्यादेतून आलेली असली तरी तिने त्या जगाला एक आजारी, अस्वस्थ कळा दिली होती. रिमास्टरप्रमाणे दोन चौकटींमधले टप्पे भरून काढले की ऑगर सफाईने चालतो, आणि तितकाच कमी भयंकर वाटतो. नवी मॉडेल्स आणि टेक्स्चरचा (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा) मुलायमपणा सेटिंगमध्ये बंद करता येतात, ही सोय म्हणूनच मोलाची आहे. खेळाडूच्या धावण्या-उडण्याला मात्र फारसा हात लावलेला नाही: पायाखाली रॉकेट झाडून उंच कठडा गाठण्याची जुनी कसरत आजही जमते.

संगीताच्या बाबतीत तर रिमास्टरने मूळ गोष्टच परत आणली. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडचे ट्रेंट रेझनर यांचे संगीत गेमच्या डेटात नव्हते. गेमच्याच सीडीवर ते स्वतंत्र ऑडिओ ट्रॅक म्हणून होते. परिणामी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात अनेक वर्षे विकला गेलेला क्वेक संगीताविनाच होता. २०२१ च्या आवृत्तीत ते गेमच्या आतच आले, आणि पहिल्या पातळीतली ती खोल, धातूसारखी गुरगुर सीडी न घालताही ऐकू येऊ लागली.